वील्डन गृह

वील्डन गृह : आग्नेय इंग्लंडातील, ओक लाकडाच्या चौकटीवर उभारलेल्या उत्तर मध्ययुगीन ग्रामीण घरांचा एक वैशिष्ट्यपूर्ण प्रकार. नॉर्थ डाउन्स आणि साउथ डाउन्स या खडूच्या दोन डोंगररांगांमधील चिकणमातीच्या व वालुकाश्माच्या प्रदेशास ‘वील्ड’ म्हणतात. प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा अर्थ अरण्य असा होता. त्यावरून या गृहप्रकारास वील्डन हे नाव अभ्यासकांनी दिले. केंट परगण्यात या घरांची संख्या सर्वाधिक असून ससेक्स व सरी या परगण्यांतही ती बरीच आढळतात. तथापि हा प्रकार वील्डपुरता मर्यादित नव्हता. कव्हेंट्रीसारख्या मध्य इंग्लंडातील शहरातही त्याचे लहान आकाराचे नमुने रस्त्याच्या कडेला ओळीने बांधलेले दिसतात. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत अशी घरे बांधली जात होती.

‘जुने इंग्रजी खेडेगाव’ म्हटले की काळ्या लाकडांची, पांढऱ्या भिंतींची आणि गवती छपराची छोटी झोपडी डोळ्यांसमोर येते. वील्डन गृहाच्या अभ्यासाने हे चित्र बऱ्याच अंशी बदलले आहे. ही घरे गरिबांच्या झोपड्या नव्हत. सधन शेतकऱ्याने कुशल सुतारांकडून पैसे मोजून बांधून घेतलेली ती टिकाऊ वास्तू होती. तिच्या तुळयांवरील खुणा, रिकाम्या खाचा आणि काजळी यांवरून घराचा व घरातील माणसांच्या राहणीचा इतिहास वाचता येतो. बहुसंख्य ग्रामीण कुटुंबांनी लेखी कागदपत्रे मागे ठेवलेली नसल्यामुळे या पुराव्याचे मोल मोठे आहे.

सामाजिक पार्श्वभूमी : १३४८–४९ च्या प्लेगच्या साथीत इंग्लंडची लोकसंख्या सुमारे एकतृतीयांश ते निम्म्याने घटली. मजुरांची टंचाई होऊन मजुरीचे दर वाढले, तर जमिनी कसण्यास माणसे मिळेनाशी झाल्याने ज्यांच्याजवळ थोडे भांडवल होते, त्यांना अधिक जमीन सुलभ अटींवर मिळू लागली. अशा रीतीने सरदार आणि मजूर यांच्या दरम्यानचा ‘योमन’ हा स्वतंत्र शेतकऱ्यांचा वर्ग सुस्थितीत आला. केंटमध्ये जमीनधारणेचे नियम तुलनेने सैल होते आणि लंडनची बाजारपेठही जवळ होती. वील्डमधील दाट ओकवनांमुळे बांधकामाचे लाकूड हाताशी होते. या सर्व कारणांमुळे तेथे चांगल्या बांधणीच्या शेतकरी घरांची मोठी संख्या निर्माण झाली. रॉयल कमिशन ऑन द हिस्टॉरिकल मॉन्युमेंट्स ऑफ इंग्लंड या संस्थेने केंटमधील मध्ययुगीन घरांची विस्तृत पाहणी केली असून सेरा पिअर्सन यांचा त्यावरील ग्रंथ १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थात आज उभी असलेली घरे ही त्या काळातील सरासरी घरे नव्हेत, हे लक्षात ठेवले पाहिजे. मजुरांची व लहान कुळांची कच्ची घरे नष्ट झाली. टिकली ती चांगली बांधलेलीच.

आराखडा : वील्डन गृहाचा आराखडा आयताकृती असून त्याचे तीन मुख्य भाग असतात. मध्यभागी जमिनीपासून छपरापर्यंत मोकळे असलेले दालन (हॉल) आणि त्याच्या दोन्ही टोकांना दुमजली भाग. दालन बहुधा दोन खणांचे व टोकाचे भाग प्रत्येकी एका खणाचे असत. मराठी वाड्यांच्या संदर्भात दोन खांबांच्या रांगांमधील अंतरास ज्याप्रमाणे ‘खण’ म्हणतात, त्याच अर्थाने ही संज्ञा येथे योजिली आहे.

टोकाच्या भागांची माडी पुढील बाजूस तळमजल्याच्या भिंतीबाहेर झुकलेली असते. माडीच्या जमिनीचे वासे भिंतीबाहेर काढून त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभारली जाई. या झुकावास ‘जेटी’ म्हणतात. दालनास माडी नसल्याने त्याची पुढील भिंत मात्र सरळ वर जाते व त्यामुळे ती दोन्ही बाजूंच्या माड्यांच्या तुलनेने आत गेल्यासारखी दिसते. छप्पर मात्र तिन्ही भागांवर एकच असून त्याची वळचण एका सरळ रेषेत असते. साहजिकच दालनासमोर वळचणीची तुळई अधांतरी राहते व तिला टोकांच्या भागांपासून निघालेल्या वक्र तिरकस आधारांनी पेललेले असते. मध्ये आत गेलेली भिंत, बाजूंना पुढे आलेल्या माड्या आणि त्यांवर एकसंध छप्पर, ही या प्रकाराची ओळखखूण होय.

दर्शनी भाग बाहेरून जवळजवळ समतोल दिसत असला, तरी आतील मांडणीत वरचे-खालचे असा स्पष्ट भेद होता. दालनाच्या एका टोकास समोरासमोर दोन दरवाजे असून त्यांच्यामधून आडवी वाट जाई. या वाटेपलीकडील टोक ‘खालचे’. तेथे दोन कोठारवजा खोल्या असत : पेयांची पिंपे ठेवण्याची ‘बटरी’ आणि पाव व इतर कोरडे पदार्थ ठेवण्याची ‘पँट्री’. दालनाचे दुसरे टोक ‘वरचे’. तेथे भिंतीला पाठ करून घरधन्याचे बाक व मेज मांडलेले असे. काही घरांत या बाकामागील भिंतीतील तुळईवर नक्षी किंवा वर छतासारखी पुढे आलेली लाकडी झाप आढळते. भिंतीपलीकडे घरधन्याची खाजगी खोली आणि तिच्यावर ‘सोलर’ नावाची माडीवरील निजण्याची खोली असे. स्वयंपाकासाठी पुष्कळदा जवळच निराळी इमारत असे. उमरावांच्या गढ्यांत आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या महाविद्यालयांत जो दालनाचा आराखडा दिसतो, त्याचीच ही लहान आवृत्ती. शेतकऱ्याने आपल्या घरात मालकाच्या घराची रीत उचलली, ही गोष्ट योमन वर्गाच्या वाढत्या आकांक्षेची द्योतक आहे.

खिडक्यांना काचा नसत. चौकटीत चौरस छेदाचे लाकडी गज कोनावर उभे बसवून त्यांच्या मागे सरकत्या अथवा बिजागरीच्या झडपा लावीत. दालनाच्या खिडक्या उंच असत. थंडीवाऱ्यात झडपा लावल्या की दालनात उजेड राहत असे तो मुख्यतः आगटीचाच.

चौकट आणि सांधे : या घराच्या भिंती भार वाहत नाहीत, सर्व भार लाकडी चौकटीवर असतो. दगडी जोत्यावर आडवी तळतुळई, तिच्यावर खांब, खांबांच्या माथ्यावर वळचणीची लांब तुळई आणि समोरासमोरच्या खांबांना जोडणारी आडवी बांधतुळई, असा हा सांगाडा असतो. खांबाचा माथा खालच्या भागापेक्षा जाड ठेवलेला असतो. त्यासाठी झाडाचा बुंधा वर येईल अशा रीतीने खोड पुष्कळदा उलटे उभे करीत. या जाड माथ्यावर काढलेल्या एका कुसूवर वळचणीची तुळई व दुसऱ्या कुसूवर बांधतुळई बसे; शिवाय बांधतुळई वळचणीच्या तुळईवर पारव्याच्या शेपटीच्या आकाराच्या खाचेने अडकवली जाई. छपराचा रेटा खांबांना बाहेर ढकलू लागला, की हा सांधा त्याला धरून ठेवतो. शेकडो वर्षे ही घरे उभी राहिली, याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर या सांध्याला द्यावे लागते.

इतर जोड कुसू-खाचेचे असून ते ओकच्या खुंट्यांनी पक्के केलेले असतात. खुंटीची भोके गिरमिटाने पाडताना कुसूतील भोक किंचित आत सरकवून घेत. त्यामुळे खुंटी ठोकताच कुसू खाचेत ओढले जाऊन सांधा आवळला जाई. चौकटीच्या जोडांत लोखंडी खिळे जवळजवळ वापरीत नसत.

लाकूड ओले असतानाच घडवीत, कारण वाळलेला ओक अतिशय कठीण होतो. खोडे कुऱ्हाडीने व वाकसाने चौरस करीत आणि मोठी खोडे खड्ड्यावर आडवी ठेवून दोन माणसे वरून-खालून करवत चालवून ती चिरीत. पुढे लाकूड घरातच वाळताना आकसे व मुरडे. जुन्या घरांच्या भिंती व जमिनी वाकड्या दिसण्याचे हे एक कारण आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ व इतिहासकार ऑलिव्हर रॅकम यांनी अशा घरांतील लाकडांची मोजदाद करून असे दाखवून दिले, की त्यांतील बहुतेक तुकडे प्रचंड वृक्षांचे नसून लहान व मध्यम झाडांचे आहेत. राखलेल्या वनांतून ठराविक काळाने तोड करून ती मिळत. तेव्हा घरबांधणीमुळे अरण्ये नष्ट झाली, हा समज तितकासा बरोबर नाही.

संपूर्ण चौकट प्रथम सुताराच्या आवारात जमिनीवर आडवी जुळवीत. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांवर रोमन अंकांसारख्या खुणा कोरीत, मग चौकट सुटी करून गाडीतून जागेवर नेत आणि खुणा जुळवून उभी करीत. या खुणा आजही अनेक तुळयांवर दिसतात. त्यांचा क्रम मध्येच तुटला असेल, तर तेथे काही भाग नंतर बदलला किंवा नवा जोडला, असे अनुमान करता येते. जुन्या तुळयांत निरर्थक वाटणाऱ्या रिकाम्या खाचाही असतात. त्यांवरून ही लाकडे मोडीत काढलेल्या जहाजांची असावीत, अशी समजूत खेड्यापाड्यांतून प्रचलित आहे. बहुतेक ठिकाणी तिला आधार नाही. अशा खाचा काढून टाकलेल्या आडभिंतीच्या, बुजवलेल्या खिडकीच्या अथवा दुसऱ्या जुन्या घरातून आणलेल्या लाकडाच्या निदर्शक असतात. अशा सांध्यांच्या बदलत्या घडणीवरून इमारतींचा कालक्रम लावण्याचा प्रयत्न सेसिल ह्यूएट यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला आणि सुतारकाम हा वास्तुइतिहासाचा एक स्वतंत्र विषय बनला.

भिंती व छप्पर : खांबांमधील मोकळ्या जागा कुडाने भरीत. ओकच्या उभ्या काठ्यांत हेझल झाडाच्या लवचिक फांद्या विणून त्यांवर चिकणमाती, शेण व चिरलेला पेंढा यांचा गिलावा दोन्ही बाजूंनी थापीत व वरून चुन्याचा हात देत. केंटमध्ये मोठे चौकोन व त्यांत वक्र तिरकस आधार अशी रचना प्रथम रूढ होती. पुढे उभे खांब अगदी जवळजवळ लावण्याची पद्धत लोकप्रिय झाली. तिला लाकूड अधिक लागे. बळकटीपेक्षा वैभवाचे प्रदर्शन हाच तिचा मुख्य हेतू होता. आग्नेय इंग्लंडात ओकची लाकडे सामान्यतः नैसर्गिक राखी रंगाची ठेवीत किंवा भिंतींबरोबर त्यांनाही चुना लावीत. लाकडे काळी रंगवण्याची फॅशन तेथे मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील आहे.

छप्पर चौपाखी व उंच असून त्यावर गवत किंवा भाजलेली कौले घालीत. बांधतुळईच्या मध्यावर उभारलेला आखूड ‘मुकुटस्तंभ’ (क्राउन पोस्ट) हे या छपरांचे प्रमुख अंग. त्याच्या माथ्यावरून घराच्या लांबीच्या दिशेने एक तुळई जाते व तिच्यावर प्रत्येक वाशाच्या जोडीस बांधणारी आडवी पट्टी टेकते. दालनातून हा स्तंभ दिसत असल्याने त्याला घडीव पाया व माथा देऊन चारी दिशांना वक्र आधार काढीत.

आगटी व धुराडे : दालनाच्या जमिनीवर मध्यभागी उघडी आगटी असे. तिचा धूर छपरात साठून हळूहळू आढ्याच्या टोकांजवळील लहान त्रिकोणी झरोक्यांतून आणि छपराच्या फटींतून बाहेर जाई. त्यामुळे दालनावरील वासे व मुकुटस्तंभ काजळीने काळे होत. ही काजळी अभ्यासकांस अत्यंत उपयुक्त ठरली आहे. एखादे घर बाहेरून अठराव्या शतकातील विटांचे किंवा कौले जडवलेल्या भिंतींचे दिसत असले, तरी माळ्यावर चढून पाहता वासे धुराने काळवंडलेले आढळले, तर ते मुळात उघड्या दालनाचे घर होते हे निश्चित होते. काजळी कोणत्या वाशापाशी थांबते, यावरून दालनाची मूळ मर्यादाही कळते.

सोळाव्या शतकात ही व्यवस्था बदलू लागली. काही घरांत प्रथम दालनाचा एक अरुंद भाग आडभिंतीने वेगळा करून धूर त्यातून वर नेण्यात आला. काहींत लाकूड व गिलावा यांचे धुराडे करण्यात आले. नंतर विटांचे धुराडे सर्वत्र पसरले. धूर कोंडला जाताच दालनाचा वरचा भाग मोकळा झाला व तेथे मधली जमीन घालून माडी काढण्यात आली. एका दालनात घरधनी, कुटुंब व नोकर यांनी एकाच आगटीभोवती वावरण्याची रीत मागे पडून निरनिराळ्या खोल्यांतील खाजगी जीवन सुरू झाले. एसेक्समधील रॅडविंटर येथील धर्मगुरू विल्यम हॅरिसन याने १५७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्लंडच्या वर्णनात असे नमूद केले आहे, की गावातील वृद्धांना आपल्या हयातीत झालेल्या बदलांपैकी धुराड्यांची वाढलेली संख्या, बिछान्यांतील सुधारणा आणि लाकडी भांड्यांऐवजी आलेली कथिलाच्या मिश्रधातूची (प्यूटर) भांडी या तीन गोष्टी विशेष वाटत. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मधील निबंधात १५७० ते १६४० या काळास ग्रामीण इंग्लंडच्या पुनर्बांधणीचा काळ म्हटले. आग्नेय भागात हे परिवर्तन त्याआधीच सुरू झाले होते, असे नंतरच्या संशोधनावरून दिसते.

पुढील शतकांत दालनाची आत गेलेली भिंत पुढे आणणे, झुकत्या माडीखाली विटांची भिंत घालणे, खिडक्यांना काचा बसवणे असे फेरफार होत गेले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सधन कुटुंबे नव्या घरांत गेल्यावर अनेक वील्डन गृहांचे विभाजन होऊन त्यांत शेतमजुरांची दोन-तीन बिऱ्हाडे राहू लागली.

कालनिर्णय : ओकच्या वार्षिक वलयांच्या जाडीचा क्रम हवामानानुसार बदलतो. तुळईतून काढलेल्या बारीक नमुन्यातील वलयांची तुलना प्रमाणभूत क्रमाशी करून झाड कोणत्या वर्षी तोडले, हे ठरवता येते. लाकूड ओलेच वापरीत असल्याने तोडीचे वर्ष व बांधकामाचे वर्ष सहसा जवळजवळचे असते. बाह्य साल शिल्लक असल्यास वर्ष नेमके कळते. ती नसून बाहेरील रसकाष्ठाचा काही भाग उरला असेल, तर इंग्लिश ओकमध्ये रसकाष्ठाची वलये बहुधा ९ ते ४१ असतात या आधारे काही दशकांची मर्यादा सांगता येते. केवळ शैलीवरून केलेली पूर्वीची अनेक अनुमाने या पद्धतीने दुरुस्त झाली आहेत.

दोन उदाहरणे : पूर्व ससेक्समधील ॲल्फ्रिस्टन या खेड्यात, कक्मिअर नदीकाठी चर्चशेजारी असलेले ‘क्लर्जी हाउस’ हे गवती छपराचे वील्डन गृह आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते मोडकळीस येऊन पाडून टाकण्याच्या बेतात होते. गावचे धर्मगुरू एफ. डब्ल्यू. बेनन यांनी ते वाचवण्यासाठी खटपट केली. १८९५ मध्ये ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर व हार्डविक रॉन्झ्ली यांनी स्थापिलेल्या नॅशनल ट्रस्टने १८९६ मध्ये ते केवळ १० पौंडांस विकत घेतले. या संस्थेने खरेदी केलेली ही पहिली इमारत होय. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेल्या प्राचीन वास्तुरक्षण संस्थेच्या विचारसरणीचे वास्तुकार ॲल्फ्रेड पॉवेल यांनी तिची दुरुस्ती केली. इमारतीस कल्पित मूळ रूप देण्याऐवजी जे आहे ते सावरून धरावे, हे या संस्थेचे तत्त्व होते. दालनाची जमीन स्थानिक पद्धतीप्रमाणे खडू ठोकून व आंबट दुधाने पक्की केलेली आहे.

दुसरे उदाहरण केंटमधील चिडिंगस्टोनजवळच्या ‘बेलीफ’ या शेतघराचे. बाऊ बीच येथील जलाशयाच्या क्षेत्रात ते सापडल्याने १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते उकलण्यात आले आणि १९७२ मध्ये ससेक्समधील सिंगलटन येथील वील्ड अँड डाउनलँड खुल्या संग्रहालयात पुन्हा उभारण्यात आले. हे संग्रहालय जे. आर. आर्मस्ट्राँग यांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये स्थापन झाले. वलयगणनेनुसार बेलीफचे दालन व ‘खालचे’ टोक १४०५ ते १४३० या दरम्यानचे, तर घरधन्याच्या खोल्यांचे टोक १५०५ ते १५१० या दरम्यानचे आहे. बाहेरून एकाच वेळी कल्पिलेला दिसणारा समतोल दर्शनी भाग प्रत्यक्षात दोन टप्प्यांत पूर्ण झाला, हे यावरून सिद्ध झाले. संग्रहालयात या घराची मांडणी सु. १५४० च्या शेतकरी कुटुंबाच्या राहणीस अनुसरून केलेली आहे.

जतनाचे प्रश्न : या दोन घरांच्या इतिहासातून जतनाचे दोन भिन्न मार्ग दिसतात. ॲल्फ्रिस्टनचे घर जागेवरच आहे आणि त्यावर काळाने केलेले फेरफार शक्यतो राखले आहेत. बेलीफ मात्र मूळ जागेपासून हलले. नंतरच्या काळातील भर वगळून त्याला एका ठराविक काळाचे रूप देण्यात आले. पहिल्या पद्धतीत घराचा संपूर्ण इतिहास राहतो, पण मूळ दालनाची कल्पना येण्यास प्रयास पडतात. दुसरीत ती कल्पना स्पष्ट येते, परंतु मधल्या चार शतकांतील रहिवाशांच्या खुणा पुसल्या जातात व घराचा शेतांशी, वाटांशी असलेला संबंध तुटतो. बेलीफच्या बाबतीत पर्याय पाण्याखाली जाण्याचा होता, हे ध्यानात घेता तेथील निर्णय समर्थनीय ठरतो. जेथे तशी सक्ती नाही, तेथे घर आहे त्याच जागी व आहे त्या स्थितीत सांभाळावे, असे मत आज सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे.

१९४७ च्या नगर व ग्राम नियोजन अधिनियमामुळे ऐतिहासिक इमारतींची यादी करून त्यांना संरक्षण देण्याची व्यवस्था दृढ झाली. अनेक वील्डन गृहे या यादीत आहेत. त्यांपैकी बहुतेकांत आजही कुटुंबे राहतात. त्यांना धोका आहे तो पाडण्यापेक्षा चुकीच्या दुरुस्तीचा अधिक. चुन्याचा गिलावा काढून सिमेंट लावले किंवा लाकडावर पाणी न सोडणारा रंग दिला, तर आत शिरलेला ओलावा बाहेर पडू शकत नाही व तुळया आतून कुजतात. लाकडे उघडी दिसावीत म्हणून जुना गिलावा खरवडणे, वाळू मारून तुळया स्वच्छ करणे यांमुळे सुतारांच्या खुणा व काजळीचा थर कायमचा नाहीसा होतो. ज्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत, अशा सुतारांच्या व शेतकऱ्यांच्या जीवनाचा पुरावा याच पृष्ठभागावर असल्याने, चौकटीइतकेच त्याचेही रक्षण करणे आवश्यक मानले जाते.